मंडळीतला सर्वांत नम्र माणूस कसे व्हावे

अभिनंदन! तुम्ही नम्र व्हायचे ठरवले आहे. हा निर्णय अजून कोणाला सांगितला नसेल, तर आधी तेवढे उरकून घ्या. गुपचूप नम्र झालेल्या माणसाची नोंद कोणाच्याच वहीत राहत नाही. पुढे सत्काराची वेळ आली की साक्षीदार सापडत नाहीत आणि धावपळ होते.

हे मार्गदर्शन मराठी ख्रिस्ती नवशिक्यांसाठी आहे. तुम्ही नगरकडच्या जुन्या मिशनच्या मंडळीतले असा, वसईच्या एखाद्या धर्मग्रामातले असा, नाही तर भाड्याच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून जमणाऱ्या नव्या मंडळीतले असा, कृती सगळीकडे सारखीच चालते. प्रभू येशूच्या पावलांवर पाऊल टाकावे, याबद्दल आपल्यात दुमत नाहीच. अडचण एवढीच आहे की ती पावले उताराने गेली आहेत आणि आपल्याला वर जायचे आहे. घाबरू नका. आपल्या आधी पुष्कळांनी हा प्रश्न सोडवलेला आहे.

थोडी पूर्वपीठिका लागेल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने इटलीतल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या सातव्या अध्यायात नम्रतेच्या बारा पायऱ्या दिल्या आहेत. बाराव्या पायरीवरचा माणूस बसता-उठता, रस्त्यात, शेतात मान खाली आणि नजर जमिनीकडे ठेवतो. ही पायरी सर्वांत वरची असली तरी आरशासमोर एका संध्याकाळीत जमते, म्हणून तुम्ही तिथूनच सुरुवात करा. सातवी पायरी मात्र त्रासदायक आहे. आपण सगळ्यांहून हलके आहोत हे नुसते जिभेने बोलायचे नाही, मनापासून मानायचे, असे तिथे म्हटले आहे. तिला वळसा घाला. बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या संत बर्नार्डने याच पायऱ्यांवर पुस्तक लिहायला घेतले आणि सविस्तर वर्णन केले ते गर्वाच्या बारा पायऱ्यांचे. शेवटी त्याने सांगूनही टाकले की मला जे येते तेच मी शिकवू शकतो. इतका खरेपणा आपल्याला परवडणार नाही. त्याची यादी मात्र जवळ ठेवा, पुढे लागेल.

१. शेवटचा बाक धरा.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू एका परूशाच्या घरी जेवायला गेला आहे. पाहुणे मानाच्या जागा पटकावताहेत. ते बघून तो म्हणतो, शेवटच्या जागेवर जाऊन बसा, म्हणजे यजमान स्वतः येऊन तुम्हाला वर बोलावील. यातला चिमटा ज्यांना कळला ते कळोत. आपण त्यातली युक्ती घेऊ.

उपासनेला पाच मिनिटे उशिरा या. शेवटच्या बाकावर बसा, पण खांबाआड नको, वेदीवरून तुम्ही दिसायला हवे. थोड्या वेळाने एखादे पंच लगबगीने येतील, "अहो, तुम्ही इथे कुठे? पुढे चला." पहिल्यांदा नुसते हात जोडा. दुसऱ्यांदा म्हणा, "इथंच बरा आहे मी." तिसऱ्यांदा उठा. चौथ्यांदा कोणी विचारत नसते, त्यामुळे मोजण्यात चूक करू नका. पुढे जाताना बाजूच्या वाटेने जाऊ नका. मधल्या वाटेने, किंचित वाकून, दोन्हीकडच्या लोकांची डोळ्यांनी माफी मागत जा.

कोणी बोलवायला आलेच नाही तर? खोकून पाहा. तरीही नाही, तर पुढच्या रविवारी वेळेवर येऊन सरळ पहिल्या बाकावर बसा. विचारलेच कोणी, तर म्हणा, हल्ली जरा कमी ऐकू येते.

२. प्रार्थनेत स्वतःला झोडपा, हात लागलाच तर इतरांनाही.

सभेत प्रार्थना करायला उभे राहिलात की "हे दयाळू बापा, मी धूळ, मी राख" इथून सुरुवात करा. आवाज मध्ये एकदा फुटला पाहिजे. पापे मोठी सांगा, पण मोघम. "माझं अंतःकरण काळं आहे" हे चालते. "सोसायटीचा तीन महिन्यांचा मेन्टेनन्स मी थकवलाय" हे चालत नाही, कारण सोसायटीचे सेक्रेटरी तिसऱ्या बाकावर बसलेले असतात.

अशी पाच मिनिटे झाली की वातावरण तयार होते. मग हळूच म्हणा, "आणि बापा, आमच्यात ज्यांच्या मनात लोभ शिरला आहे, ज्यांच्या हाती इमारत फंडाचा हिशेब आहे, त्यांना तू सुबुद्धी दे." सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात, मध्येच कोणाला हरकत घेता येत नाही आणि शेवटी खजिनदारांनाही आमेन म्हणावे लागते. वार्षिक सभेत जे तीन तासांत होत नाही ते इथे अर्ध्या मिनिटात होते.

परूशी आणि जकातदाराची गोष्ट तुम्हाला पाठ असेलच. परूशी उभा राहून आपल्या उपासतापासांची यादी वाचतो, जकातदार लांब उभा राहून छाती बडवतो आणि नीतिमान ठरून घरी जातो. निकाल आधीच फुटल्यामुळे हल्ली सगळे जकातदाराचेच काम मागतात. परूशाच्या कामासाठी माणूस मिळत नाही. ते आपण शेजारच्या पंथाला देऊन टाकले आहे, त्यांनी आपल्याला दिले आहे.

३. पद मागू नका. मागवा.

याबाबतीत जब्दीच्या मुलांचा धडा गिरवावा. मार्क सांगतो की याकोब आणि योहान स्वतःच येशूकडे गेले आणि तुझ्या गौरवात एकाला उजवीकडे नि एकाला डावीकडे बसव म्हणाले. मत्तयाच्या वृत्तांतात हीच मागणी त्यांची आई करते. नवशिक्यांनी मत्तयाची पद्धत वापरावी. आई, सासरे, युवक संघाचा सेक्रेटरी, कोणीही चालेल, पण आपण मागू नये. "मी नकोच म्हणत होतो, लोकांनी फारच आग्रह केला" हे वाक्य निवडणुकीच्या आधीच तयार ठेवा. मतपत्रिकांच्या छपाईचा खर्च तुम्ही केला असेल तरी बिघडत नाही.

त्या प्रसंगी बाकीचे दहा शिष्य दोघा भावांवर चिडले, असेही लिहिलेले आहे. त्यांच्या नम्रतेला धक्का बसला होता असे समजू नका.

पदाचे नाव मात्र जितके खालचे तितके बरे. सहाव्या शतकाच्या अखेरीस कॉन्स्टँटिनोपलचे कुलपती योहान, जे उपास करण्याबद्दल प्रसिद्ध होते, स्वतःला विश्वव्यापी कुलपती म्हणवू लागले. रोमच्या पोप ग्रेगरींना हे सहन झाले नाही. ते स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवून घेत राहिले. वाद कोणी जिंकला ते सांगत नाही, पण सेवकांचा सेवक ही पदवी पोपच्या पदव्यांमध्ये आजही आहे. आपल्याकडेही फ्लेक्सवर सगळ्यांत मोठा फोटो ज्याचा, त्याच्या नावाखाली "प्रभूचा दीन सेवक" असते. ज्यांचे फोटो तिकिटाएवढे असतात ते नुसतेच "आयोजक".

४. उजव्या हाताने द्या, आणि डाव्या हातात पावती ठेवा.

हंगामाच्या सणाला चर्चमध्ये लिलाव होतो तेव्हा नवशिके फार चुका करतात. भोपळ्यावर बोली लावतात, जिंकतात आणि भोपळा घेऊन चक्क घरी जातात. असे करू नये. एका गावरान अंड्यावर पाचशेपर्यंत बोली चढवा, अंडे हातात घ्या, सगळ्यांना दिसू द्या आणि "पुन्हा लिलावात ठेवा, प्रभूचंच आहे" म्हणून परत करा. तुमच्यावर चिडून शेजारचा सातशे देईल. देवाच्या राज्याला त्यामुळे फायदाच होतो, हे खजिनदारही कबूल करतील.

कायमस्वरूपी दान द्यायचे असेल तर वस्तू विचारपूर्वक निवडा. पंख्याच्या पात्यावर नाव घालू नका. पंखा बंद असला तरच ते वाचता येते, आणि एप्रिल-मेमध्ये, म्हणजे लग्नसराईत, पंखा कोण बंद ठेवतो? भिंतीवरचे घड्याळ उत्तम. लांबलेल्या प्रवचनात सगळी मंडळी तिकडेच बघत असते. संगमरवरी पाटी घालणार असाल तर "देवाच्या गौरवार्थ" हे शब्द बारीक अक्षरांत वर घ्या. खाली जागा पुरली पाहिजे.

गुप्तदानालाही मागणी वाढते आहे. "माझं नाव कुठेही येऊ देऊ नका," हे खजिनदारांना किमान तिघांच्या समोर सांगा.

५. उपास.

प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचा असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच दमू नका. चेहरा ओढलेला ठेवा. येशूने उपासात तोंड धुवायला आणि डोक्याला तेल लावायला सांगितले होते, पण त्या काळी इतकी जागृती नव्हती. कोणी चहा पुढे केला तर "नको, सध्या माझं ते…" एवढेच म्हणून थांबा. उरलेले वाक्य समोरच्याने पुरे करायचे असते.

६. पाय धुवा (पुढाऱ्यांसाठी विशेष प्रशिक्षण).

इथे जरा वेळ द्या. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही सबंध अभ्यासक्रमातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. योहानाच्या तेराव्या अध्यायानुसार तो जेवणावरून उठला, अंगावरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि एकेकाचे पाय धुऊन पुसायला लागला. पॅलेस्टाईनच्या धुळीतून चपला घालून आलेले पाय ते. हे काम घरातल्या गुलामाचे. म्हणून तर पेत्र मागे सरकला. अशी गोष्ट मूळ स्वरूपात करायला गेलात तर पुढाऱ्याची अब्रू जाईल. सुदैवाने शतकानुशतके त्यावर सुधारणा होत आल्या आहेत.

पहिली सुधारणा: पाय आधीच धुतलेले असावेत. इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी या दिवशी गरीब बायकांचे पाय धूत असे, पण तिच्याआधी राजवाड्यातल्या नोकरांनी आणि अधिकाऱ्यांनी तेच पाय धुऊन ठेवलेले असत. वास येऊ नये म्हणून फुलांचे गुच्छ असत. पुढे तिथे पाय धुणेच बंद झाले आणि नाणी वाटणे राहिले. राजाचे वय जितके, तितक्या पुरुषांना आणि तितक्याच बायकांना ती मिळतात. अधिकारी कमरेला पांढरा टॉवेल अजूनही बांधतात. पाय कोणी पुढे करत नाही.

दुसरी सुधारणा: एकच पाय, उजवा. घोटभर पाणी, टॉवेल टेकवला की पुढचा. जग धरायला एक वेदीसेवक, गंगाळ सरकवायला दुसरा. गुडघे दुखत असतील तर खाली उशी घ्या. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की डोके वाकलेले असताना टक्कल न दिसता नम्रता दिसली पाहिजे.

तिसरी सुधारणा बारा जणांच्या निवडीची. धर्मग्राम परिषदेचे सभासद, यंदाचे मोठे देणगीदार आणि बाहेरगावहून आलेले एक पाहुणे घेतले की यादी भरते. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी इथे गोंधळ केला. निवडून आल्यावर पंधरवड्यातच ते रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांतली एक मुसलमान. विधीच्या नियमात तेव्हा फक्त पुरुषांची सोय होती. काही लोक फार नाराज झाले. २०१६ साली नियमच बदलण्यात आला. सज्जन माणसाने नियम बदलेपर्यंत वाट पाहिली असती.

चौथी सुधारणा बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. त्या रात्रीच्या बारा जणांत यहूदा इस्कर्योतही होता. सौदा त्याच्या मनात ठरलेला होता, येशूला ते ठाऊक होते आणि तरीही त्याचेही पाय धुतले गेले. तो बाहेर पडला ते त्यानंतर. आपल्या यादीत ही जागा भरली जात नाही. ज्याने तुमच्याविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज केला आहे, त्याचा पाय कोणी खुर्चीवरून तुमच्यापुढे सोडणार नाही, आणि सोडलाच तर पाणी किती गरम घ्यावे असा प्रश्न पडेल. मोह टाळा. पाहुणे दोन घ्या.

सोहळा संपल्यावर गंगाळ तिथेच सोडून जा. ते पाणी फेकायला, ओली फरशी पुसायला आणि बारा टॉवेल धुऊन वाळत घालायला एक बाई असते. दर शनिवारी बाक पुसते तीच. तिला नम्र म्हणून कोणी हार घातल्याचे ऐकिवात नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण नम्रतेला आधी थोडी उंची लागते. ज्याला उतरायला पायरीच नाही, त्याच्या वाकण्याला आपण नोकरी म्हणतो.

७. पावलावर पाऊल टाका, पण मोजून.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी चार्ल्स शेल्डन नावाचे पाळक होते. १८९६ साली त्यांनी रविवारच्या संध्याकाळी मंडळीला एक कादंबरी प्रकरणाप्रकरणाने वाचून दाखवली. तिच्यातली माणसे वर्षभर प्रत्येक गोष्ट करण्याआधी स्वतःला विचारतात की माझ्या जागी येशू असता तर त्याने काय केले असते? पुस्तक अफाट खपले. स्वामित्वहक्काच्या नोंदीत चूक राहिल्यामुळे कोणीही उठून ते छापले आणि शेल्डनसाहेबांच्या हाती फारसे काही लागले नाही. यावरून एवढेच शिका की नोंदणी वेळेवर करावी. १९९०च्या दशकात त्याच प्रश्नाची आद्याक्षरे विणलेल्या मनगटी पट्ट्या लाखांनी विकल्या गेल्या. एक घ्या. हात पुढे केला की ती दिसते, आणि उत्तर तिच्यावर छापलेले नसते.

पावलांवर चालण्याविषयीचे मूळ वचन पेत्राच्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. आपण ते सुवर्णमहोत्सवांच्या स्मरणिकांवर छापतो. पत्रात मात्र तो मजकूर घरकामाच्या गुलामांना उद्देशून लिहिलेला आहे, चूक नसताना धन्याचा मार खाणाऱ्या गुलामांना. म्हणजे पाय धुण्याचे काम ज्यांच्याकडे होते त्यांनाच. स्मरणिकेच्या संपादकांना हे कळवायची गरज नाही.

एक धोक्याची सूचना. काही लोक हा अभ्यासक्रम अर्धवट ऐकून निघतात आणि हद्द ओलांडतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तिथे जागा होती. अशा माणसाशी संसार करणे म्हणजे काय, ते लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. नवशिक्यांच्या बायकांनी ते अवश्य वाचावे, नवऱ्यांनी वाचले नाही तरी चालेल. पंडिता रमाबाईंची आणखी वेगळी तऱ्हा. संस्कृत पांडित्याबद्दल कलकत्त्यात पदवी मिळालेली ही बाई. तिने केडगावला दुष्काळातल्या, टाकलेल्या मुलींमध्ये आयुष्य घातले आणि १९२२ साली मरेपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत आणत बसली. इतके करायची गरज नसते.

शिवाय टिळक काय, रमाबाई काय, दोघेही चांगल्या उंचीवरून उतरलेले, म्हणून त्यांचे उतरणे दिसले आणि पुस्तकांत आले. त्याच काळात गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून शेकडो कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यांनी गावाचा बहिष्कार सोसला, विहीर बंद झालेली सोसली. त्यांना कोणी नम्र म्हटले नाही. मिशनच्या कागदोपत्री अशांना बहुधा आकड्यांत मांडलेले असते.

८. परीक्षा.

आता बर्नार्डची यादी काढा. त्याच्या नवव्या पायरीवर एक गडी उभा आहे. तो आपली पापे इतकी वाढवून कबूल करतो की ऐकणाऱ्याला ती खोटीच वाटावीत आणि वर त्याच्या नम्रतेचे कौतुक व्हावे. बर्नार्डच्या मते हा गर्वाचा प्रकार आहे. आपल्या अभ्यासक्रमात ही पदवी परीक्षा आहे. अशा माणसाला ओळखायचे असेल तर त्याच्यावर खरोखरचा एखादा ठपका येऊ द्यायचा. तो आला की कबुलीजबाब तिथेच संपतो.

तर असे करा. रविवारी सकाळी साक्षीच्या वेळी उभे राहून म्हणा, "माझ्यासारखा पापी या मंडळीत दुसरा नाही." लोक हळहळतील. त्याच दिवशी दुपारी कमिटीच्या बैठकीत कोणी तरी, शक्यतो वयाने लहान, उभे राहून विचारेल, "नाताळच्या जेवणाचे दोन हजार तुमच्याकडून यायचे आहेत, त्याचं काय?" तुमच्या कानाच्या पाळ्या तापल्या, "मी कोण आहे माहीत आहे का तुला?" असे तोंडून गेले आणि राजीनाम्याचा कागद मागवलात, तर तुम्ही विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. पुढच्या निवडणुकीत तुम्हीच अध्यक्ष.

आणि "हो, राहिलेत खरे" म्हणून खिशातून पैसे काढून दिलेत, त्या मुलाचा रागही आला नाही आणि घरी जाऊन हे कोणाला सांगितलेही नाही, तर तुमच्यासाठी आमच्याकडे पुढचा वर्ग नाही. भरलेली फी परत मिळणार नाही. शनिवारी बाक पुसायला दुसरा माणूस हवाच आहे, तिथे चौकशी करा.